ओतूरवरून गेलात आणि थांबला नाहीत?

गाडीतून उतरून तासही झाला नव्हता. तंबू अंगणातल्या दोरीवर वाळत घातला, स्लीपिंग बॅगा उलट्या करून उन्हात टाकल्या आणि वळते तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "तुळशीला पाणी घातलंय. कढीपत्त्याला घातलं नाही. तीन दिवसांनी त्याला काही होत नाही."

आमच्या आणि काकूंच्या घरामधे छातीइतकी भिंत आहे. त्या भिंतीवर काकूंची दोन्ही कोपरं टेकली की आपल्या गॅसवर काय आहे ते आठवून आधी तो बंद करून यावा. मी करून आले.

"हं, सांग आता. पहिल्यापासून. पण सिन्नर धरू नकोस, ते इथलंच."

"सिन्नर धरायलाच हवं, काकू. नाशिक-पुणे रस्त्याने आजवर पन्नास वेळा तरी गेलो असू, पण गोंदेश्वराला एकदाही वळलो नव्हतो. या वेळी सकाळी सातला तिथे होतो. एका चौथऱ्यावर पाच देवळं. मधे महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती. कोवळं ऊन शिखरावर, आणि आवारात आम्ही चौघं न् एक झाडूवाल्या मावशी. लेक म्हणाली, यादव देवगिरीला जायच्या आधी सिन्नरला राज्य करत होते. मी म्हटलं, आणि आपण इथे फक्त सीएनजी भरायला थांबतो."

"वळावं लागतं," काकू म्हणाल्या. तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं. पुढे तेच माझ्यावर उलटणार होतं.

संगमनेर मागे पडलं, चंदनापुरीचा घाट झाला. आळेफाट्याजवळ आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्या रेड्याची. चिरंजीव गाडीतून उतरायला तयार नव्हते. रेड्याचं काय बघायचं, असा त्यांचा सवाल. उतरल्यावर मात्र तेच सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले.

"माणसाच्या समाध्या पुष्कळ असतात गं," काकू म्हणाल्या. "जनावराची बांधायला गाव तसं लागतं. बरं, मग?"

"मग काय, आळेफाट्यावरून डावी-उजवी करत ओतूर, आणि ओतूरवरून सरळ लेण्याद्री. तिथे..."

काकूंची कोपरं भिंतीवरून उचलली गेली.

"ओतूरवरून?"

"हो."

"ओतूरवरून गेलात, आणि थांबला नाहीत?"

आता सांगायलाच हवं की काकूंचं माहेर ओतूरचं. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. दर श्रावणात त्या ते मला सांगतात. पण 'काकूंचं माहेर' आणि नकाशावरचं 'ओतूर' ही दोन वेगवेगळी गावं आहेत अशा समजुतीत मी गाडीत बसून राहिले होते. ह्यांनी तर चहालासुद्धा गाडी थांबवली नाही, कारण मोबाईलवरची बाई म्हणत होती की दहा मिनिटं वाचतात.

"तुकोबांचे गुरू कोण?" काकूंनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"बाबाजी चैतन्य."

"त्यांची समाधी कुठे आहे?"

मी कढीपत्त्याकडे पाहिलं.

"ओतूरला! मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराशेजारी. रेड्याला नमस्कार करून आलीस आणि तुकोबांच्या गुरूंच्या अंगणावरून गाडी पळवलीत. आणि श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला काय असतं ते ठाऊक आहे का तुला?"

"तांदळाच्या पिंडी. तुम्ही सांगितलंय."

"नुसतं सांगितलंय. तू ऐकलं नाहीस. कोरड्या तांदळाच्या! ना पाणी, ना भात. सुट्टे तांदूळ रचून पिंड उभी करतात. लांबलांबून लोक येतात बघायला. आमचे आजोबा रचणाऱ्यांतले. त्यांच्या बोटांना..." इथे काकू थांबल्या, आणि त्यांनी पदराने भिंतीवरची धूळ उगाच पुसली. "जाऊ दे. लेण्याद्रीला तरी चढलात की तेही खालूनच?"

चढलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि पायरीगणिक एक माकड. माझ्या हातातली केळ्यांची पिशवी शंभराव्या पायरीला गेली. वर गिरिजात्मज. अष्टविनायकांपैकी डोंगरावरचा हा एकच गणपती, आणि त्याचं देऊळ म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढा मोठा दालनभर मंडप, मधे एक खांब नाही. कडेने भिक्षूंच्या खोल्या, तशाच दगडात कोरलेल्या. दर्शनाच्या रांगेत उभं राहून लोक छताकडे बघतच नाहीत. घंटा वाजवतात, प्रसाद घेतात आणि उतरायला लागतात. आम्हीही आधीच्या दोन खेपांना हेच केलं होतं. या वेळी लेकीने दटावून एका खोलीत बसवलं. दगडी ओटा आहे आत, झोपण्यापुरता. दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्याचे चार महिने कोणीतरी त्याच्यावर पाठ टेकली असेल. माझी तर पाच मिनिटांत गारठली.

"जुन्नरच्या आसपास अशी दोनशेवर लेणी आहेत," मी म्हटलं.

"आम्ही त्यांना लेणी म्हणत नव्हतो. शेळ्या पावसात तिथे उभ्या राहायच्या."

"पण ती लेणी कोरायला पैसे कोणी दिले ते ऐका. राजांनी नाही. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, असे लेख आहेत कोरलेले. आणि शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे. त्याने दोन पोढ्या दान दिल्या."

"पोढ्या म्हणजे टाकी. पाण्याची."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, यवन असो नाही तर आणि कोणी, जुन्नरच्या उन्हाळ्यात राहिलेला माणूस दान देईल तर पाण्याचंच देईल."

हे मला पटलं. महाराजांचा जन्म १६३० चा, आणि त्याच्या दीड-एक हजार वर्षं आधी त्याच डोंगरात कुठल्या तरी परक्याने पाण्याची सोय करून ठेवलेली. शिवनेरी आधी दोनदा झाला होता, म्हणून या वेळी वर गेलो नाही. हे काकूंना सांगितलं नाही. एका वेळी किती बोलणी खायची?

खरी गंमत पुढे, मुक्कामाची. ह्यांनी दोन महिन्यांपूर्वी चार माणसांचा तंबू मागवला होता. चार माणसांचा म्हणजे चार माणसं एकाच कुशीवर झोपली आणि रात्रभर कोणी कूस बदलली नाही तर. ह्यांचा बेत असा, की माणिकडोह धरणाच्या पाण्याकाठी तंबू टाकायचा, शेकोटी पेटवायची, पाण्यात चांदणं बघायचं. जुन्नरच्या बाहेर एका टपरीवर चहा पिताना हा बेत ह्यांनी मोठ्या आवाजात मांडला. चहावाल्याने गाळणी खाली ठेवली. म्हणाला, साहेब, ऊसतोड चालू आहे.

"शहाणा होता तो," काकू म्हणाल्या.

"आधी आम्हाला वाटलं, वाहतुकीबद्दल बोलतोय."

"बिबट्याबद्दल बोलत होता. ऊस म्हणजे आता त्यांचं रानच झालंय. मादी उसातच विते. तोड आली की बछडी सापडतात आणि आई सैरभैर होते. माणिकडोहलाच तर ते निवारा केंद्र आहे, धरून आणलेल्या बिबट्यांचं. हसू नकोस, आमच्याकडे बायका संध्याकाळनंतर एकटीने गोठ्यात जात नाहीत. भावजय फोनवर बोलते ना, तेव्हाही तिचा अर्धा कान बाहेर असतो. माणसं गेलीयत गं, लहान मुलं गेलीयत."

मी हसायची थांबले. टपरीवर आम्हीही असेच गप्प झालो होतो. जुन्नरच्या लोकांना बिबट्या हा सहलीतला किस्सा म्हणून सांगता येत नाही. मग त्या चहावाल्यानेच सांगितलं, की नाणेघाटाकडे घाटघरला जा, वर ऊस नाही, आणि तंबू टाका तो कुणाच्या तरी अंगणात, घराला चिकटून.

घाटघर हे घाटमाथ्यावरचं शेवटचं गाव. समोर जीवधन किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका, आकाशात बोट दाखवल्यासारखा. गावात भाताची झोडणी चालू होती. एका मावशींनी अंगण दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, अंगणाचे कसले पैसे, जेवायचं असेल तर सांगा, पीठ मळायला बरं. आम्ही तंबू उभारत होतो आणि त्यांच्या घरची तीन मुलं रांगेत बसून बघत होती. खुंट्या जमिनीत जाईनात, खाली कातळ. शेवटी त्यातल्या थोरल्याने चार धोंडे आणून दोऱ्या त्यांना बांधल्या. ह्यांनी माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं.

संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी गेलो. काकू, मी पाठ्यपुस्तकात नाणेघाट वाचलाय, तो बघताना अंगावर काटा येईल असं काही मला वाटलं नव्हतं. डोंगराची धार एका जागी चिरल्यासारखी आहे, त्या चिरेतून दगडी वाट खाली कोकणात उतरते. पैठणहून निघालेला माल जुन्नरवरून या वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जायचा. आणि वर, वाटेच्या कडेला, दगडात कोरलेला हा एवढा रांजण. जकातीचा! येणाऱ्या-जाणाऱ्याने नाणी त्यात टाकायची, असं सांगतात.

"झाकण होतं का त्याला?"

"नाही बाई. निदान आता तरी नाही."

"मग रात्री मोजायला किती जण बसत असतील? आणि त्या मोजणाऱ्यांना मोजायला कोण?"

टोलनाक्याबद्दलचा हा मूलभूत प्रश्न आमच्या चौघांपैकी कुणालाही तिथे सुचला नव्हता. चिरंजीवांनी रांजणापुढे मोबाईल धरून 'फास्टॅग' म्हणून पाहिलं, ह्यांनी पाच रुपयांचं नाणं टाकलं, ते मी परत काढायला लावलं, कारण रांजणात आधीच वेफर्सची दोन पाकिटं होती. ती मात्र आम्ही उचलून आणली.

तिथेच एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख. सातवाहनांची राणी नागनिका, तिने आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे सातकर्णीने, कुठकुठले यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली त्याची यादी. अश्वमेध, राजसूय, गाई, घोडे, हत्ती. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण दिल्याचा आकडा आहे. आणि गंमत म्हणजे तो अक्षरांत नाही, अंकांत आहे. आपल्या अंकांचे पणजोबा म्हणावेत असे अंक त्या भिंतीवर आहेत. लेकीने महिनाभर ब्राह्मी गिरवली होती, ती दोन-तीन अंक ओळखून दाखवत होती. माझं लक्ष मागच्या भिंतीकडे. तिथे राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या म्हणे. वर नावं कोरलेली, सिमुक सातवाहनापासून. आता मूर्ती नाहीत. वर काही नावं, खाली जेमतेम पायांच्या खुणा.

"राणीने खर्च भिंतीवर लिहून ठेवला," काकू म्हणाल्या. "हुशार. मी चाळीस वर्षं डायरीत लिहिला, ती आमच्या ह्यांनी रद्दीत घातली."

रात्री वारा सुटला. घाटमाथ्याचा वारा म्हणजे काय, ते कोकणातून वर चढून येणाऱ्या थंडीला विचारावं. तंबूचं कापड असं फडफडत होतं की आत बोलता येईना. जेवण मात्र काय सांगू, नाचणीची भाकरी, पाट्यावर वाटलेली लसणाची चटणी, वरणासारखं पातळ पिठलं. दहाला मावशींनी बाहेर येऊन सांगितलं, मुलांना आत घ्या. अकराला मी आत गेले. बाराला ह्यांची उशी पडवीत आली, मागून हे. तंबू एकटाच बाहेर झोपला.

पहाटे पावसाची भुरभुर आली. अवकाळी. अंगणात झोडलेल्या भाताची रास उघडी. मावशी ओरडत धावल्या, आम्ही सगळे धावलो, आणि ह्यांनी आयुष्यात प्रथमच एक मिनिटात तंबू उपटला आणि राशीवर पसरला. दगड तेच, त्या पोराने आणलेले. तंबूचे पैसे त्या अर्ध्या तासात वसूल झाले, काकू. चार माणसांना तो पुरला नाही, पण भाताला पुरला.

"म्हणून वाळत घातलायस," दोरीकडे बघत काकू म्हणाल्या. "त्याला तूस चिकटलंय ते झटक आधी. खाजतं."

परतताना पूर गावात कुकडेश्वर पाहिला. कुकडी नदी तिथे उगम पावते. जुनं, कोरीव, लहानसं देऊळ, काळ्या पाषाणाचं. मग आमच्या लक्षात आलं, की आपण न ठरवता या नदीचाच हात धरून चाललोय. लेण्याद्रीखाली ती, माणिकडोहला अडवलेली ती. दुसरी रात्र नारायणगावच्या एका लॉजवर काढली. लॉजबद्दल काही बोलायला नको, पण शेजारच्या खाणावळीतली मासवडी...

"बेसनाची उकड नीट निघाली होती? सारणात खोबरं की नुसते तीळ?"

"दोन्ही."

"मग बरी असेल," काकूंनी अर्धं प्रमाणपत्र दिलं.

तिसऱ्या दिवशी खोडद. तिथल्या रेडिओ दुर्बिणी लांबूनच दिसतात. शेताच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड ताटल्या आकाशाकडे तोंड करून. अशा तीस आहेत, काही जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात पांगलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. आरशासारखी चकचकीत ताटली असेल असं मला वाटलं होतं, तर जाळी! पोलादाच्या बारीक तारांची, दोरखंडांवर ताणून बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो, खर्च वाचतो.

"म्हणजे बाज," काकू म्हणाल्या. "सुंभाने विणलेली."

अगदी बाज. आभाळाला टेकवून ठेवलेली. आपल्या मोबाईलची कुजबुजसुद्धा तिला आडवी येते, म्हणून जवळ गेलं की मोबाईल बंद करायचे. चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा होता. लांबच्या ताऱ्यांचं ऐकायचं तर घरच्यांनी गप्प बसायचं, हे मी त्याला दहावीच्या अभ्यासाबद्दल बरेच दिवस सांगतेय.

तिथून बोरी. कुकडीच्या काठाला मातीत पांढुरक्या राखेचा थर आहे. ज्वालामुखीची राख, पण आपल्या सह्याद्रीची नाही. आपला काळा दगड फार म्हणजे फारच जुना. ही राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. समुद्र ओलांडून वाऱ्याबरोबर आली आणि बोरीला उतरली. कुठल्या स्फोटातली यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे. काहींच्या मते सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या, काहींच्या मते त्याच्याही बऱ्याच आधीच्या. थराजवळ आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आहेत. ह्यांना तिथे काहीच दिसलं नाही. म्हणाले, एवढं वळून राख बघितली. मी म्हटलं, सुमात्राहून ती आली, तुम्हाला आळेफाट्याहून येववत नाही?

आणि शेवटी निघोज. तिथे कुकडीचं पात्र म्हणजे काळ्या कातळाची भेग, आणि त्या कातळात रांजणच रांजण. रांजणखळगेच म्हणतात त्यांना. पुराच्या पाण्यात गोटे एका खळग्यात अडकतात, गरगर फिरतात, फिरता फिरता तळ खरवडतात. गोटे झिजून जातात, नवे येतात, खळगा खोल होत जातो. काहींत माणूस उभा बुडेल. कडा अशा गुळगुळीत, जणू कुंभाराचा ओला हात फिरलाय. काठाला मळगंगा देवी. मी तिथे बसून राहिले. परवा नाणेघाटात छिन्नीने कोरलेला एक रांजण बघून आपण किती वेळ बोलत होतो, आणि त्याच घाटाजवळून निघालेली नदी खाली येऊन न बोलता शेकडो करत बसलीय.

"त्यात जकात कोण टाकतं?" काकूंनी विचारलं.

"तिथेही वेफर्सच."

काकू हसल्या, आणि मग एकदम त्यांना आठवलं की आपण रागावलेल्या आहोत. "ते सगळं ठीक आहे. पण ओतूर राहिलं."

मी घरात गेले. घाटघरच्या मावशींनी निघताना जबरदस्तीने दिलेल्या नव्या तांदळाची पिशवी उघडली, वाडगाभर तांदूळ काढले आणि भिंतीवर आणून ठेवले. काकूंनी आधी वास घेतला. मग चिमूट तोंडात टाकून चावून पाहिली. मग न बोलता त्यांनी मूठभर तांदूळ भिंतीच्या सपाट माथ्यावर ओतले आणि दोन्ही हातांची बोटं जुळवून कडेने सारायला लागल्या. एकदा ढीग घसरला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी हात बाजूला घेतले तेव्हा वीतभराहून लहान, पण गोल, नेटकी पिंड उभी होती.

"आजोबा परातभर रचायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "श्वास रोखून."

माझाही रोखलेला होता. तेवढ्यात हे दारातून विचारत आले, "डिकीची किल्ली पाहिलीस का?" काकूंनी मान वर न करता त्यांना हाताने थोपवलं.

"श्रावणात गाडी काढा," त्या म्हणाल्या. "मी पुढे बसणार, मागे मला मळमळतं. आणि तो तंबू नको. माझ्या भावजयीच्या घरी चार गाद्या आहेत."

मग त्यांनी एक-एक करून सगळे दाणे वाडग्यात भरले, भिंतीच्या फटीत गेलेले दोन केसातल्या आकड्याने काढले, आणि वाडगा घेऊन आत गेल्या.